दवाखान्यात न्या, पण खरे सांगून न्या

पत्र : माझे वय ३६ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. दोन महिन्यांपासून माझ्या पतीची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, ते कोणाशी बोलत नाहीत. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मानसोपचार वॉर्डात भरती करा, दोन-तीन आठवडे लागतील. आम्ही घरी परत आलो. त्यानंतर चार दिवसांनी ते फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन धुऱ्यावर बसलेले सासूबाईंना दिसले. हे मी लाजेने कोणाला सांगितलेले नाही. मोठे दीर म्हणतात, वेचणी आटोपू द्या, मग पोटाच्या डॉक्टरकडे चाललो असे सांगून घेऊन जाऊ. गावात म्हणतात की पागलखान्यात बांधून ठेवतात, करंट देतात. आत माणसाचा दिवस कसा जातो? मला सोबत राहता येईल का? त्यांना ठेचा-भाकर आवडते, ती नेलेली चालते का?
— एक बहीण

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देते, पण एक गोष्ट सर्वांत आधी. वेचणी आटोपण्याची वाट पाहू नका. भरतीचा सल्ला दिला तेव्हा डॉक्टरांना त्या डब्याची गोष्ट माहीत नव्हती, कारण ती नंतर घडली. आता ती त्यांना कळलीच पाहिजे, आणि ती सांगण्यात लाजेसारखे काहीही नाही. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. तोपर्यंत घरातली आणि कोठ्यातली फवारणीची सगळी औषधे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला द्या, आणि आजच्या रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी जागे राहील अशी पाळी लावा. रात्रीच काही बिनसले तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. नुसते बोलायला, विचारायला माणूस हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे तुम्ही त्यांना सरळ विचारले तरी चालेल. विचारल्यामुळे तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे बोलून दाखवायला माणसाला जागा मिळते. पोलिसांची भीती मनात असेल तर तीही काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याला शिक्षा केली जात नाही.

आता तुमच्या दिरांच्या सूचनेबद्दल. त्यांचा हेतू वाईट नाही, हे मला कळते. परंतु पोटाच्या डॉक्टरचे नाव सांगून न्यायचे हे मला मुळीच मान्य नाही, आणि हे मत मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही. अशा पत्रांना उत्तरे देण्याच्या या कामात पडण्याच्या पुष्कळ आधी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मी स्वतः एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात २३ दिवस काढले आहेत. मावशीकडे बारसे आहे असे सांगून मला नेले होते. मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि बाळासाठी घेतलेले झबले माझ्या पिशवीत होते. रुग्णालयाच्या फाटकाशी ऑटो थांबला तेव्हाही मला वाटले, मावशीकडचे कोणीतरी भरती असेल, त्यांना भेटून पुढे जाऊ. मग वॉर्डाचे जाळीचे दार लागले आणि बाबा मागे न पाहता जिना उतरून गेले. पुढे मी बरी झाले आणि तिथल्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही. पण पहिले आठ दिवस मी एकही गोळी गिळली नाही. गालात धरून ठेवायची आणि नंतर मोरीत थुंकायची. ज्यांनी बारशाचे खोटे सांगितले ते गोळीबद्दल खरे कशावरून सांगत असतील, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. बाबांनी ते रडत रडत केले होते हे मला फार वर्षांनी कळले. आजार तीन-चार महिन्यांत ओसरला, त्या खोट्याचा सल जायला मात्र कितीतरी अधिक काळ लागला.

म्हणून तुम्ही त्यांना आज रात्रीच, जेवणानंतर, दोघेच असताना सांगा. छापील भाषेत सांगू नका, घरी बोलता तसेच बोला : 'तुमची झोप उडाली हाय, जेवन जात नाही. डॉक्टरनं दवाखान्यात पंधरा-वीस दिस भरती व्हा म्हनलं हाय, मनाच्या वार्डात. मी तुमच्या संगं हावो. तुमाले भेव वाटत असन, तं मलेही वाटते. पन आपुन जाऊ.' एवढे पुरे आहे. 'तुम्हाला काही झालेलेच नाही, फक्त दाखवून येऊ' असे म्हणू नका, 'तुम्ही हिंमत धरत नाही' असेही म्हणू नका. इतक्या खोल उदासीनतेत हिंमत धरणे हे पाय मोडलेल्या माणसाने चालण्यासारखे असते. ते बहुधा लगेच हो म्हणणार नाहीत. गप्प राहतील, कूस बदलतील. सकाळी आंघोळीचे पाणी काढून द्या आणि चला म्हणा. पुष्कळदा, असे खरे ऐकून घेतलेला माणूस काही न बोलता चपला घालतो.

ते स्वतः तयार झाले तर त्यांची भरती त्यांच्याच सहीने, स्वेच्छेची म्हणून होते. अशा माणसाला पुढे घरी जावेसे वाटले तर तो तसे मागू शकतो. फक्त जिवाला धोका दिसत असेल तर तपासणीपुरते डॉक्टर त्याला २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. ते तयारच झाले नाहीत आणि धोका मोठा असेल, तर कायद्यात दुसरी वाट आहे. त्यांच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. त्यांनी आधी दुसऱ्या कोणाला नेमलेले नसेल तर ती जागा जवळच्या नातलगाची, म्हणजे तुमची. मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर त्यांना वेगवेगळे तपासतात आणि मगच भरती होते, तीही पहिल्या वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त नाही. तेव्हा 'एकदा आत गेला की गेला' ही गावातली भीती आज खरी नाही. ही दुसरी वाट धरावी लागली तरीही कुठे नेतो आहोत हे त्यांना सांगूनच न्या. ते रागावतील, कदाचित शिव्या देतील. तो राग उघड असतो, त्यामुळे पुढे तो बोलून मिटवता येतो.

'पागलखाना' म्हटले की आपल्याकडे नागपूर आठवते. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकालाही लोक पागलखाना चौकच म्हणतात. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे अशी मोठी मनोरुग्णालये आहेत. तुम्हाला सांगितली आहे ती जागा वेगळी आहे. तो साध्या रुग्णालयातला एक वॉर्ड आहे; त्याच आवारात बाळंतपणे होतात, मोडलेली हाडे जुळवतात, साप चावलेली माणसे येतात. गावात सांगताना 'दवाखान्यात भरती आहेत' एवढे सांगा, ते खरेच आहे. अधिक विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. रुग्णाचा आजार गुप्त ठेवणे हे तर रुग्णालयावरही कायद्याने बंधनकारक आहे. मुलांना मात्र नीट सांगा, की बाबांच्या मनाचा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि आई त्यांच्याजवळ आहे.

आत गेल्यावर पहिला तास थोडा अपमानाचा वाटतो, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा. पिशवी उघडून पाहतात. कमरेचा पट्टा, दाढीचे पाते, काचेची बाटली, आरसा, आगपेटी बाहेर ठेवायला लावतात, पायजम्याची नाडीसुद्धा काढून घेतात. हे संशयाने होत नाही. ज्या कारणासाठी तुम्ही घरातली औषधे कुलपात ठेवणार आहात त्याच कारणासाठी होते. तेव्हा इलॅस्टिकचे दोन पायजमे जाताना यवतमाळच्या बाजारातून घेऊन घ्या. घरचे कपडे वापरण्याचा आणि डोके न भादरण्याचा हक्क रुग्णाला आहे. कोणी तशी सक्ती केली तर शांतपणे पण ठामपणे नाही म्हणा. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड, स्टीलची थाळी-पेला, पातळ गोधडी आणि कागदावर लिहिलेले चार फोन नंबर एवढे सामान पुष्कळ झाले.

दिवस सहाला सुरू होतो. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत येतात, फिनेलचा वास सुटतो, मग चहाची किटली येते. आंघोळीला रांग असते. न्याहारीनंतर सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन नाव पुकारत फिरतात, प्रत्येकाच्या हातावर गोळ्या ठेवतात आणि पाणी प्यायल्यावर तोंड उघडून जीभ वर करायला सांगतात. मला तेव्हा याचा फार राग येत असे. आज वाटते, त्या सिस्टरने नवव्या दिवशी माझा गाल ओळखला नसता तर मी हे लिहायला उरले असते की नाही कोण जाणे. ती ओरडली नाही. खाटेवर बसली आणि प्रत्येक गोळीचे नाव व काम तिने मला सांगितले. त्या इमारतीत मला खरे सांगितलेली ती पहिली व्यक्ती होती, आणि त्या दिवशी मी गोळी गिळली.

त्यानंतर डॉक्टरांचा राऊंड. मेडिकल कॉलेज असेल तर मोठ्या डॉक्टरांमागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असतो आणि तीच कहाणी तीन-तीनदा सांगावी लागते. त्याचा कंटाळा येतो, पण टाळू नका. मात्र एक सवय तुम्ही मोडा : प्रश्न त्यांना विचारला असेल तर उत्तर तुम्ही देऊ नका. उदास माणूस उत्तर द्यायला वेळ घेतो, शब्द विहिरीतून काढल्यासारखे वर येतात. डॉक्टर थांबतात, तुम्हीही थांबा. तुम्हाला जे सांगायचे असेल, तो डबा, कर्ज, दारू असेल तर दारू, ते बाहेर वेगळे भेटून सांगा. दारूचे खास सांगते : रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे असे होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते, म्हणून दारूचे लपवू नका. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचेही सांगा. वॉर्डात खर्रा चालत नाही आणि आपल्याकडच्या पुरुषांना पहिले चार दिवस आजारापेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो. चिडचिड होते, झोप बिघडते, तेव्हा नातलग बाहेरून पुडी आणून देतात. तुम्ही देऊ नका. डॉक्टरांना सांगितले तर ती तलफ कमी करण्याचे उपायही आहेत.

दुपार ही वॉर्डातली सर्वांत लांब वेळ. जेवणात वरण-भात, पोळी, एक भाजी. अकराच्या राऊंडनंतर चारच्या भेटीच्या वेळेपर्यंत फारसे काही घडत नाही. कोणी कॅरम खेळतो, कोणी तोच पेपर पुन्हा वाचतो, कोणी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतो. औषधामुळे तोंड कोरडे पडते, डोळ्यांवर झापड येते, शौचाला कडक होते, काहींचे हात थरथरतात. हे डॉक्टरांना सांगितले की मात्रा किंवा गोळी बदलतात. आम्हा बायकांना फुलवाती वळायला कापूस देत असत. माझ्या शेजारच्या खाटेवर साठीची एक आजी होती, ती कोणाशी बोलत नसे. तिच्या हातातली वात इतकी एकसारखी यायची की मी नुसती पाहत बसायची. पाचव्या की सहाव्या दिवशी तिने माझ्या हातातली वात घेतली, उलगडली, तळहातावर पुन्हा वळून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, 'रुई झाडून घे पोरी, सरकी राहिली त्यात.' महिनाभरात तिच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य होते असे सिस्टरने मला नंतर सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तिथे दिवसभर काहीच होत नाही. पण ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस सावकार, बोंडअळी आणि मुलांची फी फिरते आहे, त्याला वेळेवर उठणे, वेळेवर जेवणे, वेळेवर झोपणे आणि कोणताही निर्णय घ्यावा न लागणे हा उपचाराचा मोठा भाग असतो. उदासीनतेच्या औषधांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत माणसाला सांभाळून धरण्याचे काम ही कंटाळवाणी दुपार करते. म्हणून चौथ्या दिवशी 'काहीच फरक नाही, घरी चला' असे ते म्हणाले तर घाबरून जाऊ नका आणि सामानही बांधू नका. आधी झोप सुधारते, मग भूक येते, मन शेवटी येते.

रात्री वॉर्डातला एखादा दिवा सुरूच असतो, कोणीतरी बडबडतो, कधी रडतो. पहिल्या रात्री भीती वाटेल. सिस्टर टॉर्च घेऊन फेरी मारतात, श्वास पाहतात आणि पुढे जातात.

बांधून ठेवण्याचे विचारले आहे. साखळीने बांधणे आणि एकट्याला खोलीत कोंडणे या दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे. एखादा रुग्ण त्या क्षणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल आणि दुसरा कोणताच उपाय नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळासाठी, त्याला धरून किंवा बांधून ठेवता येते. त्याची नोंद करावी लागते. तसे झाले तर कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

करंटचे उत्तर थोडे सविस्तर देते, कारण तो उपचार मला स्वतःला सहा वेळा दिला गेला. रात्रीपासून उपाशी ठेवतात, भूल देतात, स्नायू सैल पडण्याचे इंजेक्शन देतात आणि मग काही सेकंद वीज देतात. भुलीशिवाय तो देण्यास आज कायद्याने बंदी आहे. दुखत काही नाही. जाग येते तेव्हा डोके जड असते आणि आपण कुठे आहोत हे थोडा वेळ कळत नाही. प्रत्येकाला तो लागतोच असे नाही, पण जेवण-पाणी सोडलेल्या किंवा जिवाचा धोका मोठा असलेल्या माणसात तो गोळ्यांपेक्षा लवकर गुण देतो. त्याची किंमतही सांगते : त्या आठवड्यांतल्या काही आठवणी जातात. त्या वर्षीचा पोळा मला आठवत नाही, घरचे सांगतात तेवढाच माहीत आहे. नंतरच्या कुठल्या पोळ्याला असे झालेले नाही. डॉक्टरांनी हा उपचार सुचवला तर नाही म्हणण्याआधी किती वेळा, का आणि आठवणीचे काय, हे तीन प्रश्न तुमच्या पतीसमोर बसून विचारा. निर्णय समजण्याच्या स्थितीत ते असतील तर संमती त्यांचीच लागते.

तुम्हाला सोबत राहता येईल का? सरकारी रुग्णालयांच्या अशा वॉर्डांत बहुधा एक नातलग सोबत हवाच असतो. फक्त पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, ते आधीच विचारून घ्या. थांबू देत नसतील तर रात्रीची पाळी दिरांना द्या. त्यांना काहीतरी करायचे आहे, म्हणूनच ते पोटाच्या डॉक्टरची युक्ती काढत आहेत. हे खरे काम त्यांच्या हातात द्या. वेचणीचे दोन वेचे उशिरा झाले, थोडा कापूस गळाला, तर तो तोटा सोसण्याजोगा आहे. सासूबाई आणि मुले शेजाऱ्यांच्या मदतीने पंधरा दिवस काढतील. मदत मागा, गावात माणसे असतात. आणि तुम्ही स्वतः दिवसातून एकदा वॉर्डाबाहेर पडा, झाडाखाली बसून जेवा. कर्जाचा, बँकेच्या कागदांचा, कापसाच्या भावाचा विषय खाटेजवळ काढू नका. त्यासाठी वॉर्डातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आपल्या भागात आहे. गावातल्या आशाताईंनाही त्याची माहिती असते आणि घरी परतल्यावर त्यांचा आधार होईल.

परत येताना पुढची तारीख आणि गोळ्या मोजून घेऊन या. बरे वाटू लागले की गोळ्या सोडायचा मोह होतो. पहिल्याच वेळचा आजार असला तरी बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. सुरुवातीला झापड असेपर्यंत मोटरसायकल नको. फवारणी तर या हंगामात त्यांच्या हाती देऊच नका.

ठेचा-भाकर न्या. सिस्टरला विचारून डबा द्या आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत बसून खा. ठेच्यात मिरची मात्र निम्मीच घाला, कारण तोंड कोरडे पडलेले असते आणि तिखट फार झोंबते. जवसाची चटणी तेल टाकून दिली तर ती अधिक सोपी जाईल.